हिरव्या फितीची फाईल

१

माझ्या पुस्तकाचं हस्तलिखित भर वर्गातून नाहीसं झालं, तेव्हा तिथे त्रेचाळीस साक्षीदार हजर होते. साक्षीदाराच्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवावा हे त्यांना शिकवणारी मीही तिथेच होते. पुढे जे घडलं ते सांगताना आजही माझी मान खाली जाते. तरी सांगते, कारण माझं चुकत नाही असं मानून मी एकदा पुरेसं नुकसान केलेलं आहे.

अर्जेंटिनातल्या रोझारियोच्या एका विद्यापीठात मी पहिल्या वर्षाच्या पोरांना मानसशास्त्राची तोंडओळख करून देत असे. शिकणं, सवय, लक्ष, स्मृती, एवढाच संसार. स्मृतीचा धडा आला की बावीस वर्षं माझा एक खेळ ठरलेला होता. मी शिकवत असताना एक अनोळखी माणूस आरडाओरडा करत वर्गात घुसायचा, माझी पर्स हिसकावायचा, खुर्ची लाथाडायचा आणि पळून जायचा. पोरं किंचाळायची. मग मी शांतपणे म्हणायची, "आता कागद घ्या. काय पाहिलंत ते लिहा." दरवर्षी चोराला कुणी मिशा लावायचं, कुणी चष्मा. एका वर्षी तर एका मुलीनं त्याच्या हातात सुरा दिला होता. या सगळ्या गमतीतून माझं पुस्तक तयार झालं. अकरा वर्षं मी ते हातानं लिहीत होते आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

"बाई, निदान एक झेरॉक्स तरी काढून ठेवा," माझा सहायक लेआंद्रो गोइतिया मला महिनोन्‌महिने सांगत होता.

"माझी फाईल माझ्या काखेत असते," मी म्हणायची. "तिला कुठे पाय फुटतायत?"

एक्याण्णव सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. रविवारी शेवटचं प्रकरण संपवत होते. दक्षिणेकडून असा वारा सुटला की बाल्कनीतली जाई कुंडीसकट आडवी झाली. हाताला लागेल त्यानं ती कठड्याला बांधली आणि पुन्हा लिहायला बसले. मंगळवारी फाईल घेऊन वर्गात गेले. खेळ झाला की त्यातलं एक पान वाचून दाखवायचं, असं मनात होतं.

खेळ झाला. चोर आला, ओरडला, पर्स घेऊन पळाला. पोरांनी कागद भरले, तास संपल्याची घंटा झाली, अर्धा वर्ग माझ्याभोवती शंका विचारायला जमला. त्यांना वाटेला लावून मी टेबलाकडे वळले तर टेबल रिकामं होतं.

मी ओरडले, "माझी फाईल कुणी नेली?"

दाराशी उरलेली पोरं हसली आणि पुन्हा कागद काढू लागली. त्यांना वाटलं, खेळाचा दुसरा अंक सुरू झाला.

२

पोलिसांना बोलवायचं का, असं डीन ओर्सिनींनी विचारलं. मी म्हटलं, नको. माणसाच्या मनाचं काम आहे, ते मी करते. तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं.

फाईलीपर्यंत हात पोचू शकेल अशी माणसं चार. पहिला तो चोर, म्हणजे नाट्यशाळेतला विद्यार्थी सिरो. तो पर्स परत द्यायला आला तेव्हा घाबराघुबरा झाला होता.

"बाई, तुम्ही पर्स म्हणालात, मी पर्स घेतली. फाईल घ्यायला मला हात होता का तिसरा? एका हातात पर्स, दुसऱ्यानं दार उघडलं."

"पुन्हा आत आला नाहीस?"

"पुन्हा? पोरांनी मारलं असतं मला! गेल्या वर्षीच्या चोराला कुणीतरी डबा फेकून मारला होता म्हणे."

दुसरा लेआंद्रो. हुशार, महत्त्वाकांक्षी, अठ्ठावीस वर्षांचा. पुस्तकाचं दुसरं प्रकरण फक्त त्यानंच वाचलं होतं. खेळ चालू असताना तो मागच्या बाकावर हातात घड्याळ घेऊन बसला होता.

"तू काय पाहिलंस?"

"घंटेनंतर लेन्सिना आत आला. पडलेली खुर्ची उचलून ठेवली त्यानं. दरवर्षी ठेवतो तशी." एवढं बोलून लेआंद्रो घुटमळला. त्याला आणखी काही म्हणायचं होतं. पण म्हणाला नाही, आणि मी ते मनात टिपून ठेवलं.

तिसरा चिचे, तळमजल्यावरचा झेरॉक्सवाला. आमच्याकडे प्रत्येक विषयाचा त्याच्या दुकानात एकेक खण असतो. प्राध्यापक टिपणांची फाईल तिथे ठेवतात, पोरं येऊन त्यातल्या प्रती काढून नेतात. माझा खण चौदा नंबरचा. चिचे घंटेच्या सुमारास वर्गाबाहेर दिसला होता.

"मी सुटे मागायला वर आलो होतो," चिचे म्हणाला. मशीन धडधडत होतं, त्यामुळे तो ओरडूनच बोलायचा. "फाईल कसली नेतोय मी, बाई? दिवसभर कागदच बघतो. घरी बायकोनं पेपर उघडला तरी मला मळमळतं."

"आज आमच्यापैकी कोण कोण आलं होतं तुझ्याकडे?"

"तुम्हीच नाही का सकाळी आलात तिसऱ्या युनिटची टिपणं द्यायला? विसरलात? मग लेन्सिना, तो काय रोजचाच. आणि पोरं. एक पोरगी तर साडेनवालाच प्रत काढून घेऊन गेली. दीडशेच्या वर पानं! कुरकुरत होती बिचारी, यंदा युनिट फार लांबवलंय म्हणून."

"आजकालच्या पोरांना दोन पानंही लांब वाटतात," मी म्हटलं आणि निघाले.

वर आले तर चौथा माणूस दाराशी त्याच्या स्टुलावर बसलेला होता. त्या स्टुलाच्या पायाला अजूनही कुत्र्याचा पट्टा बांधलेला होता. तो पट्टा तिथे का आला ते मला पक्कं ठाऊक होतं.

३

एवारिस्तो लेन्सिना आमचा शिपाई. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. दाराजवळ स्टूल, स्टुलाखाली येर्बा नावाच्या पाल्याच्या कडू चहाचा थर्मास आणि नळी घातलेली वाटी. तास संपल्याची घंटा झाली की तो डोळे न उघडतासुद्धा थर्मासकडे हात न्यायचा, नळी तोंडात धरून एक घोट ओढायचा, मग वर्ग आवरायला उठायचा.

तीन आठवड्यांपूर्वी मी वर्गात सवयीचा धडा घेत होते. घंटेच्या आवाजाला तोंडाला पाणी सुटणारा कुत्रा तुम्हालाही माहीत असेल. पोरांना तो कंटाळवाणा वाटत होता. घंटा व्हायला अर्धा मिनिट होतं. मी त्यांना दाराशी बोलावलं आणि कुजबुजले, "जिवंत नमुना बघायचाय? आता बघा."

घंटा झाली. लेन्सिनाचा हात थर्मासकडे गेला.

सगळा वर्ग खदाखदा हसला. लेन्सिनाही हसला. आपण कशाला हसतोय हे त्याला कळलं नव्हतं, पण बाई हसतायत म्हणजे काहीतरी गमतीचं असणार, असं त्याला वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी भुंकलं. तिसऱ्या दिवशी पट्टा आला. त्यानं तो सोडून टाकला नाही. "कुणाचा तरी हरवला असेल, शोधत येईल," असं तो म्हणत असे.

आता मला सांगा, अशा माणसाकडे माझा राग धरायला कारण होतं की नव्हतं? मी स्वतःच त्याला ते दिलं होतं. मंगळवारी संध्याकाळी मी त्याला खोलीत बोलावलं.

"लेन्सिना, टेबलावरची हिरव्या फितीची फाईल तुम्ही उचललीत का?"

"नाही बाई."

"आठवून सांगा."

"हिरव्या फितीची फाईल मला दिसलीच नाही बाई. दिसली असती तर सांगितलं असतं."

"खुर्ची उचलली ते आठवतं?"

"ते आठवतं. पाय मोडलाय तिचा. सुताराला सांगायला हवं."

"आणि खुर्ची ठेवल्यावर?"

"त्यानंतर... नेहमीचंच," तो म्हणाला. "नेहमीचं काय ते कसं आठवणार?"

मला वाटलं, बोलणं टाळतोय. आता लिहिताना तो ‘नेहमीचंच’ शब्द दिसतो आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. पण तेव्हा मी हुशार होते. मी ठरवलं की उद्या त्रेचाळीस जणांची साक्ष घ्यायची.

४

प्रश्नपत्रिका मी स्वतः टाईपरायटरवर काढली. सहा प्रश्न. त्यातला चौथा असा: "करड्या रंगाची, हिरव्या फितीनं बांधलेली फाईल घेऊन शिपाई कोणत्या दारानं बाहेर गेला, पुढच्या की मागच्या?"

लेआंद्रोनं पत्रिका वाचली, त्याचे कान लाल झाले. मी विचारलं, "काही चुकलंय?"

"नाही बाई," तो म्हणाला आणि वाटायला घेऊन गेला.

बुधवारी दुपारी कागद मोजले. एकतीस जणांनी लिहिलं होतं, पुढच्या दारानं. आठ जणांनी, मागच्या दारानं. फीत सोळा जणांना आठवत होती, "गडद हिरवी", "पोपटी", एकानं तर "गाठ सैल होती" असं लिहिलं. तिघांनी पाहिलं नाही असं लिहिलं. एका कागदावर मात्र उत्तराच्या जागी बारीक, तिरप्या अक्षरात दोन ओळी होत्या: "हा प्रश्न साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालतो. दुसरं प्रकरण पाहा." खाली नाव, यामिला ओव्हिएदो.

काय आगाऊ कार्टी, असं म्हणून मी तो कागद बाजूला सारला.

एकोणचाळीस साक्षीदार! मी सगळा गठ्ठा डीनसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. "लेन्सिना? खरंच? माझ्या मुलीच्या लग्नात पाव वाढत होता तो."

"माणूस दिसतो तसा नसतो," मी म्हटलं.

"शुक्रवारी सकाळी शिस्तपालन समिती आहे. आरोप शाबीत झाला तर बडतर्फी. अठ्ठावीस वर्षं पाण्यात जातील बाई. त्यानं फाईल परत केली तर मी सांभाळून घेईन. बोला त्याच्याशी."

बोलले. बुधवारी दोनदा. आधी साक्षी वाचून दाखवल्या. तो प्रत्येक नावाला मान हलवत होता. "हा चांगला मुलगा आहे. हा खोटं बोलणार नाही. हिच्या वडलांना मी ओळखतो, रेल्वेत होते."

"मग सगळे खोटं बोलतायत का?"

"नाही बाई. पोरं कशाला खोटं बोलतील?"

"म्हणजे?"

मग मी ते केलं, ज्याबद्दल माझ्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. खुर्ची जवळ ओढली, आवाज मऊ केला आणि म्हणाले, "लेन्सिना, नुसती कल्पना करा. समजा तुम्ही ती उचलली असती. कशी उचलली असती? कुठे नेली असती? डोळे मिटा. घाई नाही."

त्यानं आज्ञाधारकपणे डोळे मिटले.

५

गुरुवारी सकाळी तो आपणहून माझ्या खोलीत आला. रविवारी चर्चला जायचा कोट घातला होता. रात्रभर झोपला नसावा.

"बाई, आठवलं."

मी पेन खाली ठेवलं.

"मी उचलली. पट्ट्याचा राग आला असेल मला. आला असेलच ना, कुणालाही येईल. कोटात घातली आणि नदीवर गेलो. धक्क्यावरून पाण्यात टाकली." त्यानं हातानं टाकल्याची खूण केली. "पानं लगेच खाली गेली. फीत मात्र वर राहिली, हिरवी. गोल गोल फिरत होती. मग तीही बुडाली. माफ करा बाई. अकरा वर्षांचं काम होतं तुमचं."

आणि तो रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसं नव्हतं ते, आवाज न करता नुसतं पाणी गळत होतं. मी त्याला रुमाल दिला. मला वाईट वाटलं, आणि त्याच्या खाली खोल कुठेतरी आनंदही झाला की मी बरोबर होते. हे लिहायची मला लाज वाटते. पण झाला होता.

डीनसाहेबांपुढे त्यानं कबुलीजबाबावर सही केली. सही करताना विचारलं, "तारीख मंगळवारचीच घालायची ना?" दाराबाहेर लेआंद्रो उभा होता. मी विजयानं त्याच्याकडे पाहिलं, तर त्यानं नजर चुकवली.

दुपारी घरी आले. गेलेल्या पुस्तकाचं सुतक असल्यासारखी खिडक्या लावून बसले होते. तास-दीड तासानं जीव घुसमटला म्हणून बाल्कनीचं दार उघडलं. ऊन होतं, जाई पुन्हा तरारली होती. तिच्या देठाभोवती, कठड्याला घट्ट गाठ मारून, माझ्या फाईलची हिरवी फीत बांधलेली होती.

६

मी तिथेच फरशीवर बसले.

रविवारचा वारा. हाताला लागेल ते. मी फाईलची फीत सोडली, जाई बांधली आणि फाईलीला स्वयंपाकघरातल्या दुधाच्या पिशवीचं रबर लावलं. आता ते रबर ताणल्याचं बोटांनासुद्धा आठवत होतं. अकरा वर्षं त्या फाईलला फीत होती, म्हणून माझ्या डोक्यात ती मंगळवारीही होती. मंगळवारी वर्गात हिरवी फीत कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. सोळा जणांना दिसलेली फीत माझ्या चौथ्या प्रश्नातून आली होती. आणि लेन्सिनाच्या नदीत बुडालेली फीत माझ्या बाल्कनीत उन्हात वाळत होती.

मग तो नदीवर गेलाच नव्हता. मीच त्याला तिथे पाठवलं होतं, डोळे मिटायला लावून.

मी स्वतःला म्हटलं, नेलिदा, आता तरी नीट विचार कर. फीत काढून टाकली तर काय उरतं? करडी फाईल, रबर लावलेली. आमच्या विभागातली प्रत्येक फाईल करडी आणि रबर लावलेली असते. तिसऱ्या युनिटच्या टिपणांचीसुद्धा. मंगळवारी सकाळी माझ्या काखेत दोन फायली होत्या आणि जाडी सोडली तर दोन्ही एकसारख्या दिसत होत्या, दोन्हींत माझंच हस्ताक्षर होतं.

तेवढ्यात मला ते आगाऊ अक्षर आठवलं. "दुसरं प्रकरण पाहा." कशाचं दुसरं प्रकरण? टिपणांना प्रकरणं नसतात. माझं दुसरं प्रकरण जगात एकाच माणसानं वाचलं होतं.

मी तशीच चप्पल घालून लेआंद्रोच्या घरी गेले. तो दार उघडून बघतच राहिला.

"यामिलाला दुसरं प्रकरण तू दाखवलंस?"

"मी? नाही बाई. शप्पथ."

"मग परवापासून तोंड का लपवतोयस?"

तो खाली बघत म्हणाला, "परवा झेरॉक्सची आठवण करून द्यायची होती, धीर झाला नाही. मग तो चौथा प्रश्न. वाचल्याबरोबर मला दिसलं होतं. तुमच्याच दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय की असा प्रश्न विचारला की साक्ष मेली."

"आणि तू बोलला नाहीस!"

"तुम्हाला कोण सांगणार, बाई?" त्यानं मान वर केली. "तुम्ही विचारलंत, काही चुकलंय का. पण विचारताना तुमचा चेहरा असा होता की... पाच वर्षं मी तुमच्या हाताखाली आहे. एकदा तरी तुमचं चुकलं असं कुणी म्हटलंय?"

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्याच्यावर चिडायला मला तोंड नव्हतं.

"चल," मी म्हटलं. "चिचे दुकान बंद करायच्या आत."

७

वाटेत मी त्याला सगळं उलगडून सांगितलं, म्हणजे खरं तर स्वतःलाच.

यामिलानं माझं पुस्तक वाचलं होतं, त्याला पुस्तक न समजता. दीडशेच्या वर पानांचं लांबलचक "तिसरं युनिट" साडेनवाला घेऊन गेलेली पोरगी तीच. म्हणजे सकाळी चिचेच्या हातात मी टिपणं दिलीच नव्हती. सवयीनं एक फाईल पुढे केली, ती चुकीची होती. वर्गात टेबलावर ठेवली ती टिपणांची फाईल होती.

"पण मग ती टेबलावरून कुठे गेली?" लेआंद्रोनं विचारलं.

"दर मंगळवारी तास संपल्यावर माझ्या टेबलावर टिपणांची फाईल राहिली असेल तर ती खाली कोण नेऊन देतं?"

तो चालता चालता थांबला. "लेन्सिना."

"घंटा झाली, त्यानं एक घोट घेतला, खुर्ची उचलली, फाईल उचलली, चिचेकडे दिली. वर्षानुवर्षांचं काम. हातानं केलं, मनाला खबरसुद्धा नाही. पोरांनी त्याला फाईल नेताना पाहिलं ते खरंच होतं. आणि त्यानं हिरव्या फितीची पाहिली नाही म्हटलं तेही खरंच होतं. मी त्याला विचारलंच नाही, दुसरी कुठली उचलली का. हातानं केलेलं मनाला कळत नाही, हे मीच अख्ख्या वर्गाला दाखवलं होतं. त्याच्याकडे बोट करून."

चिचे शटर ओढतच होता.

"चौदा नंबर," मी धापा टाकत म्हटलं.

"अहो, आता? मशीन बंद केलं मी."

"मशीन नको. खण उघड."

त्यानं वैतागून खण ओढला. वर एक करडी फाईल, तिसरं युनिट, चौतीस पानं. तिच्या खाली दुसरी करडी फाईल, तिला दुधाच्या पिशवीचं रबर. उघडली. माझं अक्षर.

"दोन कशा?" चिचे म्हणाला. "अरे हो, लेन्सिनानं दुपारी आणून दिली ती मी वर टाकली. मला वाटलं, सुधारून दिलीय. बारीकच होती, पोरं खूश झाली."

अकरा वर्षांचं काम सापडलं होतं, आणि ते हातात घेऊन मला पळून जावंसं वाटत होतं.

८

शुक्रवारी समितीपुढे मी उभी राहून सगळं सांगितलं. फीत दाखवली, फाईल दाखवली, चौथा प्रश्न मोठ्यानं वाचला. माझ्या वर्गात मी लेन्सिनाचा कसा नमुना करून दाखवला तेही सांगितलं, कारण तो पट्टा कुठून आला हे समितीत कुणालाच माहीत नव्हतं. एक सदस्य हसला, मग बाकीचे गप्प आहेत हे पाहून खोकला. कबुलीजबाब फाडण्यात आला. डीनसाहेबांनी लेन्सिनाच्या पाठीवर थाप मारली. "जा, काम बघा. संपलं सगळं."

मी बाहेर आले तेव्हा तो स्टुलावर बसला होता. पट्टा मी आदल्या दिवशीच सोडून फेकून दिला होता. त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"लेन्सिना, माझं चुकलं. पहिल्यांदा त्या वर्गात चुकलं, मग या आठवड्यात रोज चुकत गेलं. तुम्ही काहीही केलेलं नाही. मला माफ करा, असं म्हणायलाही मला तोंड नाही."

"असू दे बाई. सापडली ना फाईल?" मग हळूच म्हणाला, "पण मग नदीत मी काय टाकलं?"

"काहीच नाही. तुम्ही नदीवर गेलाच नाहीत."

"गेलो होतो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, जसं काही विसरले होते ती मीच. "धक्का ओला होता. पाणी तपकिरी होतं. फीत वरच राहिली होती."

मी पर्समधून फीत काढली आणि त्याच्या हातात ठेवली. तिला अजून जाईचं एक वाळकं पान चिकटलेलं होतं. "ही बघा ती. रविवारपासून माझ्या घरी आहे. पाण्यात पडलेलीच नाही."

त्यानं ती बोटांवर गुंडाळून पाहिली, उजेडाकडे धरली. त्याचा चेहरा खुलला.

"हीच," तो म्हणाला. "अगदी अशीच फिरत होती."

ज्या गोष्टी मी बावीस वर्षं शिकवल्या त्यातली एकही मला आता त्याच्या डोक्यातून ते पाणी काढून टाकायला शिकवत नव्हती. घालणं मला जमलं होतं.

तास संपल्याची घंटा झाली. त्याचा हात थर्मासकडे निघाला आणि मध्येच थांबला, मग त्यानं तो परत गुडघ्यावर ठेवून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी थर्मास उघडला आणि वाटीत पहिला चहा ओतून त्याला दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, पण ओठाला लावायच्या आधी विचारलं,

"बाई, आता तरी बरोबर सांगितलं ना मी?"